मड टायरचा मऊपणा मोजताना: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका खरेदीच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५

वाळपईपासून आमच्या कुळागरापर्यंत (सुपारीच्या बागेपर्यंत) अकरा किलोमीटर डांबरी रस्ता आणि त्यापुढे सव्वादोन किलोमीटर कच्ची वाट आहे. उन्हाळ्यात ही वाट कोणतीही गाडी पार करते. जून ते सप्टेंबर मात्र तिच्यावर तीन वेगवेगळ्या अडचणी एकामागून एक येतात: आधी लाल चिकण मातीचा सखल भाग, मग शेवाळ धरलेल्या गोट्यांचा व्हाळ (ओढा) आणि शेवटी जांभा उघडा पडलेली सुमारे साठ मीटरांची चढण. पोफळींना कोळेरोग लागू नये म्हणून बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर आणि दुसरी त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे ऐन पावसाळ्यात करावी लागते. तेव्हा मोरचूद, चुना, पंप, नळी आणि चार माणसे घेऊन गाडी वर गेलीच पाहिजे. गेल्या वर्षी ती चढणीच्या निम्म्यावरून मागे घसरली, दुसरी फवारणी नऊ दिवस लांबली आणि खालच्या दोन ओळींतली कोवळी सुपारी गळून गेली.

गाडी २०१६ची थार आहे आणि टायरचे माप २३५/७० आर १६. आज खोली मोजली तेव्हा मागच्या टायरांची नक्षी ५.१ मिलिमीटर आणि पुढच्यांची ५.८ मिलिमीटर निघाली. कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, त्यामुळे डांबरावर हे टायर अजून चालतील; चिखलात ते गेल्या वर्षीच संपले होते. या पावसाळ्याआधी मड टायर, म्हणजे चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर, घ्यायचे ठरवले आहे. आमच्या भागातल्या इतर बागायतदारांपुढेही हाच प्रश्न असल्याने खर्च, चुका आणि वाया गेलेले दिवस जसेच्या तसे लिहून ठेवत आहे.

२० एप्रिल

फोंड्यातील दोन आणि म्हापशातील एक अशी तीन दुकाने पाहिली. मऊ रबर ओल्या दगडाला धरते एवढे मला ऐकून माहीत होते, म्हणून प्रत्येक टायरच्या नक्षीतल्या ठोकळ्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले. दुकानदार आणि इतर गिऱ्हाइकेही तेच करत होती. एका दुकानाबाहेर दुपारच्या उन्हात मांडलेल्या मड टायरांच्या जोडीत नख सहज रुतले, ठोकळा बोटाने हलवला तर तोही हलला, आणि रबर काळेभोर चकचकीत दिसत होते. नगाला ९,२०० रुपये सांगितले. मी दोन घेतले आणि मागच्या चाकांना तिथेच बसवून घेतले. बसवणाऱ्याचे आणि तोल करण्याचे मिळून ६०० रुपये झाले. एकूण १९,००० रुपये.

संध्याकाळी गाडी धुताना साबणाच्या पाण्याने टायरची चकाकी उतरली आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. बाजूच्या भिंतीवर उत्पादनाचा आठवडा शोधला, तर बाहेरच्या बाजूला चार अंक नव्हतेच. गाडीखाली आडवे होऊन विजेरीने आतली बाजू पाहिली तेव्हा २९२१ हे अंक सापडले, म्हणजे २०२१ सालातला एकोणतिसावा आठवडा. नवे म्हणून घेतलेले टायर पावणेचार वर्षांचे होते. पूर्ण संकेतांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो. दुकानात ती बाजू भिंतीकडे होती आणि ती फिरवून दाखवा असे मी म्हटले नाही.

२७ एप्रिल

आमच्या शेजारचे काका टायर कारखान्यात रबराच्या मिश्रण विभागात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहेत. त्यांना टायर दाखवले. त्यांनी नख लावलेच नाही. ‘अरे, उन्हात तापलेल्या रबराला नखाने काय विचारतोस? सकाळी विचार, आणि काट्याने विचार,’ एवढेच म्हणाले.

त्यांनी समजावलेल्या दोन गोष्टी मला आधी कळायला हव्या होत्या. मड टायरचा ठोकळा उंच आणि सुटा असतो, त्यामुळे रबर कडक असले तरी बोटाने दाबल्यावर तो झुकतो आणि आपण त्या झुकण्यालाच मऊपणा समजतो. दुसरे असे की पॉलिशने रबर मऊ होत नाही, पण वरचा थर ओलसर आणि निसरडा लागतो आणि बारीक चिरा झाकल्या जातात. उलट, पडून असलेल्या टायरवर दिसणारी तपकिरी झाक पाहून घाबरायचे कारण नाही. ओझोनपासून रबराचे रक्षण करणारे द्रव्य आतून पृष्ठभागावर येते, त्याचा तो रंग असतो. म्हणजे पॉलिश न केलेला, थोडा तपकिरी दिसणारा टायर खरेदीसाठी जास्त प्रामाणिक.

काकांच्या सांगण्यावरून शोअर ए प्रकारचा काठिण्यमापक १,८५० रुपयांना आणि नक्षीची खोली मोजण्याची चांगली पट्टी ४२० रुपयांना मागवली.

४ मे

मापक आला. त्याच्या तळातून एक बोथट टोकाची सुई अडीच मिलिमीटर बाहेर आलेली असते; ती रबरावर टेकवून दाबली की स्प्रिंगच्या विरुद्ध मापकाच्या आत जितकी ढकलली जाईल तितका आकडा मोठा, आणि आकडा जितका मोठा तितके रबर कडक. हवेत धरल्यावर काटा शून्यावर आणि काचेवर दाबल्यावर शंभरावर आला पाहिजे. माझा काचेवर ९७ दाखवत होता. यंत्रच सदोष आहे असे समजून परत पाठवण्याची तयारी केली, पण काकांनी पाहिले तेव्हा मी तो किंचित तिरका धरतो हे लक्षात आले. सरळ धरल्यावर १०० आले.

त्यानंतर एका टायरवर वीस ठिकाणी मोजणी केली आणि ५८ ते ७१ असे वाटेल तसे आकडे आले. संपूर्ण दुपार यात गेली. कारणे नंतर एकेक करून सापडली. काही ठिकाणी मी ठोकळ्याच्या कडेजवळ दाबत होतो, तिथे रबर बाजूला सरकते आणि आकडा खाली येतो. काही ठोकळ्यांवर मुद्दाम पाडलेल्या बारीक चिरांची नक्षी आहे, तिथेही तसेच होते. कधी मी आकडा लगेच वाचत होतो, कधी दोन-चार सेकंदांनी, आणि थांबले की काटा एक-दोन अंकांनी उतरतो. शिवाय टायरच्या अर्ध्या भागावर ऊन होते.

आता पद्धत पक्की केली आहे. मधल्या मोठ्या ठोकळ्यावर, कडेपासून निदान बारा मिलिमीटर आत, सपाट जागी मापक सरळ टेकवायचा. टेकल्यावर एक सेकंदात आकडा वाचायचा. पाच वेगवेगळ्या ठोकळ्यांवर मोजून मधला आकडा घ्यायचा. खालचे रबर सहा मिलिमीटरांहून जाड असावे, कारण पातळ रबराखाली पोलादी पट्ट्यांचा कडकपणा मिसळतो. याच कारणाने माझ्या झिजलेल्या जुन्या टायरांच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

६ मे

ओळखीच्या एका बेकरीवाल्याकडून पावाच्या भट्टीसाठी वापरतात तो दुरून तापमान मोजणारा तापमापक आणला आणि २० एप्रिलला घेतलेल्या जोडीवर दोन दिवस मोजणी केली. सकाळी सात वाजता सावलीत, रबर २८ अंशांवर असताना, मधला आकडा ७२ आला. दुपारी अडीच वाजता उन्हात रबर ५४ अंशांवर असताना त्याच ठोकळ्यांवर ६६ आला. सहा अंकांचा फरक केवळ उन्हाचा. दुकानाबाहेर दुपारी माझ्या नखाने जो मऊपणा अनुभवला, तो दिवसाच्या वेळेचा होता. आमची चढण पावसात असते, आणि पावसात रबर सकाळच्या आकड्याच्या जवळपास, किंवा त्याहून कडकच राहणार.

यापुढे दुकानात मोजणी सकाळी, आत सावलीत ठेवलेल्या टायरवर आणि तापमान लिहूनच करायची.

१० मे

सकाळी साडेपाचला निघून चोर्ला घाटाने बेळगावला गेलो. दुकाने उघडताना तिथे पोहोचायचे होते. इकडच्या आमच्या लोकांची मोठी खरेदी तिकडेच होते आणि मड टायरचे पर्यायही तिथे जास्त मिळतात. मापक काढल्यावर एका दुकानदाराने ‘काय ओ भाऊ, टायराचा ताप बघता होय?’ असे विचारले आणि मग स्वतःच उत्सुकतेने आतून टायर आणून देऊ लागला. दुसऱ्या एका दुकानात सुई टायरला लावू देणार नाही असे सांगितले. सुईने कसलीही खूण राहत नाही हे समोर करून दाखवले तरी ते ऐकेनात, तेव्हा मी तिथून निघालो.

आमच्या मापाचे तीन प्रकार मोजून झाले. रबराचे तापमान २७ ते २८ अंश होते. त्यांना इथे अ, ब आणि क म्हणतो, कारण एकाच नावाखाली कंपन्या वेगवेगळ्या मापांत वेगळी नक्षी आणि वेगळे मिश्रण देऊ शकतात, आणि वाचणाऱ्याने नावावरून न घेता आपल्या समोरचा टायर मोजावा अशी माझी इच्छा आहे.

अ: काठिण्य ६२, खोली १५.४ मिलिमीटर, किंमत १४,२०० रुपये, आठवडा ०६२५.
ब: काठिण्य ६७, खोली १२.६ मिलिमीटर, किंमत ११,६०० रुपये, आठवडा ४८२४.
क: काठिण्य ५७, खोली १५.८ मिलिमीटर, किंमत १५,९०० रुपये, आठवडा १४२४.

क हातात घेतल्यावर लगेच आवडला. व्हाळातले शेवाळलेले गोटे डोळ्यांसमोर होते आणि त्यांच्यासाठी मऊ रबरासारखे दुसरे काही नाही. पण वर्षभरापूर्वीचा असूनही तो ५७ असेल, तर नवा असताना त्याहूनही मऊ असणार. असे रबर आमच्या अकरा किलोमीटर डांबरावर किती टिकेल हा प्रश्न होता. एप्रिलमधली घाई आठवून रिकाम्या हाताने परत आलो. डिझेल आणि जेवण मिळून १,४०० रुपये.

१४ मे

टायरची किंमत नगावर पाहण्यात अर्थ नाही असे मला आता ठामपणे वाटते. माझ्या जुन्या टायरांनी चिखलात काम करणे कधी थांबवले हे आठवून पाहिले तर खोली साधारण सहा मिलिमीटरांवर आली तेव्हापासून खाचांत बसलेली चिकण माती चाक फिरले तरी बाहेर फेकली जात नव्हती आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन फिरत होता. म्हणून माझ्या वाटेसाठी सहाच्या वरची खोली तेवढी उपयोगाची. तिच्याच पैशांचा हिशेब करायचा.

अ मध्ये उपयोगाची खोली ९.४ मिलिमीटर, म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे १,५१० रुपये. ब मध्ये ६.६, म्हणजे सुमारे १,७५८ रुपये. क मध्ये ९.८, म्हणजे सुमारे १,६२२ रुपये. दुकानात सर्वांत स्वस्त वाटलेला ब या हिशेबात सर्वांत महाग निघाला. मऊ रबर लवकर झिजते हे या आकड्यांत अजून धरलेले नाही, आणि तिथेच क मागे पडेल अशी माझी अटकळ आहे.

परदेशी बनावटीच्या टायरांबद्दल एक सांगायला हवे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याच्या यादीत टाकली. त्यामुळे दुकानात परदेशी मड टायर स्वस्तात दिसला तर मी आता सर्वांत आधी आठवडा वाचतो. पत्र्याच्या छपराखाली चार उन्हाळे काढलेला माल नाव कितीही मोठे असले तरी माझ्या कामाचा नाही.

बेळगावच्या दुकानदाराला अ प्रकारचे चार टायर राखून ठेवायला सांगितले. काजूच्या बियांचे पैसे महिनाअखेरीस हातात येतील, तेव्हा ३१ मे ठरवला. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, हे त्यामागचे गणित.

२६ मे

गणित चुकले. २० तारखेपासूनच पाऊस लागला आणि काल, २५ मे रोजी, मोसमी पाऊस गोव्यात आल्याचे जाहीर झाले. पहिली फवारणी अर्धी राहिली होती. उरलेले सामान घेऊन आज एप्रिलमधल्या टायरांवर वर जायचा प्रयत्न केला. मातीचा सखल भाग गाडीने कसाबसा पार केला, कारण या टायरांची नक्षी खोल आहे आणि ते तिथे उपयोगी पडते. व्हाळातल्या गोट्यांवर मात्र मागची चाके जागच्या जागी फिरत राहिली. दोन ओले दगड आणि त्यांच्यावर ७२ काठिण्याचे रबर, अशी ती अवस्था होती. दोर लावून चौघांनी मागे ओढून काढायला पावणेदोन तास लागले. मोरचुदाचे एक पोते भिजले.

मऊपणा कुठे लागतो आणि नक्षी कुठे लागते, हे आज दोनशे मीटरांच्या अंतरात स्वच्छ दिसले. चिखलात ठोकळ्यांमधली मोकळी जागा काम करते. ओल्या दगडावर रबर त्याच्या बारीक खडबडीतपणात किती घुसते ते काम करते.

३१ मे

बेळगावहून अ प्रकारचे चार टायर आणले. पोहोचल्यावर चारही टायरांचे आठवडे वाचले. तीन ०६२५ आणि एक ३९२३ होता. दुकानदाराने तो चुकून आला असे म्हणत लगेच बदलून दिला. मी वाचला नसता तर तोही बसला असता. चारही टायरांवर भारांक १०६ आहे, म्हणजे प्रत्येकी ९५० किलो; गाडीला तो पुरून उरतो. चार नगांचे ५६,८०० रुपये, बसवणे आणि तोल करण्याचे १,२०० रुपये, चाकांचे कोन जुळवण्याचे ५०० रुपये.

एका चाकाला तोल करण्यासाठी ११० ग्रॅम शिसे लागले. मी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावायला सांगितले, तेव्हा तेच काम ४५ ग्रॅममध्ये झाले. जड ठोकळ्यांच्या टायरांत हा फरक सहज पडतो, म्हणून जास्त शिसे लागत असेल तर हा प्रयत्न करून घ्यावा.

एप्रिलमधली जोडी शेजारगावातल्या एका मालवाहू गाडीवाल्याने, वय आणि चिरा दाखवल्यानंतर, ७,००० रुपयांना घेतली. त्या एका दुपारच्या घाईत माझे १२,००० रुपये गेले.

१५ जून

पहिली खरी चाचणी. आदल्या रात्रभर पाऊस होता. डांबरावर ठेवतो तीच ३० पीएसआय हवा ठेवून सखल भागात शिरलो आणि गाडी वाटेच्या कडेला सरकत गेली. महागडे, मऊ, ताजे टायर असूनही असे झाल्याने क्षणभर फार वाईट वाटले. मग चारही चाकांची हवा १८ पर्यंत उतरवली. टायर जमिनीला पसरून टेकला आणि तीच जागा गाडीने सावकाश, चाक न गरगरता पार केली. व्हाळात गोट्यांवर रबर धरत असल्याचे स्टिअरिंगमध्ये जाणवत होते. चढणीवर पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजला, एकदाही न थांबता वर पोहोचलो.

मऊ रबराचा पुरता उपयोग हवा कमी केल्याशिवाय होत नाही, असे आजचे निरीक्षण आहे. १५ च्या खाली मात्र मी जाणार नाही. साध्या रिमवरून टायरची कड निसटण्याची भीती असते.

२९ जून

मध्यंतरी बागेतून परत येताना एक गंभीर चूक केली. सोबतच्या दोघांना वाळपईला बस गाठायची होती, त्या घाईत हवा न भरता १८ पीएसआयवरच अकरा किलोमीटर डांबर कापले. उतरल्यावर टायरांच्या बाजूच्या भिंतींना हात लावला तर पावसातही त्या चांगल्याच गरम होत्या. कमी हवेत भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि ती उष्णता आतल्या धाग्यांना कमकुवत करते. भिंतींवर फुगवटा नाही हे पाहून घेतले. दुसऱ्याच दिवशी गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप २,६०० रुपयांना घेतला. तो १८ वरून ३० पर्यंत एका टायरला सहा मिनिटे घेतो, म्हणजे चार टायरांना जवळजवळ अर्धा तास. हा वेळ आता प्रत्येक फेरीत धरूनच निघतो.

२० जुलै

दुसरी फवारणी ठरल्या दिवशी पूर्ण झाली. दोन दिवसांत चार फेऱ्या, एकदाही दोर काढावा लागला नाही.

सांगे तालुक्यातला माझा मावसभाऊ आज घरी आला. त्याने मे महिन्यात, माझे न ऐकता, क प्रकारचे चार टायर घेतले होते. त्याच्या वाटेवर खनिज वाहतुकीच्या जुन्या रस्त्याचा तुकडा आहे आणि तिथे धारदार खडी उघडी पडलेली आहे. त्याचे ठोकळे पाहून मला खरोखर हळहळ वाटली: कडांवरून नखाएवढे, काही ठिकाणी हरभऱ्याएवढे तुकडे उडाले होते. अवघ्या दीड हजार किलोमीटरांत ही अवस्था. त्याचे म्हणणे असे की ओल्या कातळावर हा टायर माझ्यापेक्षा निःसंशय चांगला धरतो. आम्ही दोघांनी एकाच ओल्या जांभ्यावर गाड्या चढवून पाहिल्या आणि त्याचे म्हणणे खरे निघाले. पण धारदार खडीवर इतके मऊ रबर फाडले जाते, आणि ती खडी त्याला रोज ओलांडायची आहे. त्याच्या वाटेला ६५ च्या आसपासचा टायर योग्य ठरला असता असे मला वाटते. माझ्या वाटेवर खडी नाही, जांभा घासतो पण कापत नाही. म्हणून मला ६२ मानवला.

३१ ऑगस्ट

चतुर्थीच्या धावपळीत मोजणी चार दिवस पुढे गेली. टायर बसवल्यापासून २,९०० किलोमीटर झाले. मागच्या टायरांची खोली १४.३ आणि पुढच्यांची १४.५. टायरांची अदलाबदल केली, मागचे पुढे आणि पुढचे मागे.

डांबराबद्दल गैरसमज राहू नये म्हणून लिहितो. होंडा गावाजवळच्या वळणावर ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी माझ्या सवयीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली. मोठ्या मोकळ्या जागांमुळे डांबराला टेकणारे रबरच कमी असते आणि पाणी तोडणाऱ्या बारीक चिरा या ठोकळ्यांवर थोड्याच आहेत. रबर मऊ आहे म्हणून ओल्या डांबरावर ते जास्त सुरक्षित, असे अजिबात धरू नये. मी पावसात आता पन्नासच्या वर जात नाही. डिझेलचा हिशेबही बिघडला आहे: लिटरला साडेतेरा किलोमीटर मिळत, ते बारावर आले.

२८ सप्टेंबर

२२ सप्टेंबरपासून टायरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पाचवा टायर, जो मेमध्ये पैशांअभावी घेतला नव्हता, तो आज घेतला. तोच अ प्रकार, किंमत १३,१०० रुपये. १४,२०० तून कराचा फरक काढला तर एवढीच येते, म्हणजे दुकानदाराने कपात पूर्ण दिली. आठवडा ३३२५. जुना अतिरिक्त टायर इतर चारांपेक्षा इतका लहान झाला होता की तो मागे लावून फोर-व्हील चालवणे गिअरबॉक्ससाठी धोक्याचे होते, त्यामुळे पाच सारखे टायर ही चैन नाही.

९ नोव्हेंबर

एकूण ४,८५० किलोमीटर. चारही टायरांची सरासरी खोली १३.७ मिलिमीटर, म्हणजे दर हजार किलोमीटरला सुमारे ०.३५ मिलिमीटर झीज. याच गतीने सहा मिलिमीटरांपर्यंत यायला सुरुवातीपासून साधारण सत्तावीस हजार किलोमीटर लागतील आणि टायरमागे किलोमीटरला त्रेपन्न पैशांच्या आसपास खर्च पडेल. मावसभावाच्या क टायरांची झीज काल मोजली: ४,१०० किलोमीटरांत २.४ मिलिमीटर, हजारी जवळजवळ ०.५९. तुटलेल्या कडा यात धरलेल्या नाहीत.

सकाळी सात वाजता, रबर २५ अंशांवर असताना, वापरातल्या चारही टायरांचे काठिण्य ६३ आले आणि न वापरलेल्या पाचव्याचे ६२. मेमधल्या मोजणीपेक्षा रबर दोन-तीन अंश थंड आहे आणि माझ्या हातातही एका अंकाची चूक राहते, तेव्हा या एका अंकावरून रबर कडक होऊ लागले असे मी म्हणणार नाही. प्रत्येक टायरच्या पाच ठोकळ्यांच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे, म्हणजे पुढच्या मोजणीला नेमके तेच ठोकळे सापडतील. ती एप्रिलमध्ये, काजूचा हंगाम आटोपायच्या आत करायची आहे. तोवर सुपारी उतरवण्याच्या फेऱ्या चालू राहतील आणि वाट कोरडी असल्याने हवा ३० वरच ठेवली आहे.